प नसलेलं शहर

मत्रहमध्ये माझं नाव बद्माकर.
अरबीत प नाही, त्याला कोण काय करणार.
बार्किंगवरून इथे रोज भांडणं होतात,
आणि पेप्सी मागावी तर बेबसी मिळते,
थंडगार, काचेच्या बाटलीत.

शुक्रवार. सुट्टी.
सहाला जिना उतरतो. दुसऱ्या मजल्यावर
कुणीतरी निखाऱ्यावर धूप टाकलेला असतो,
तो माझ्या सदऱ्यात शिरतो
आणि मासळीबाजारापर्यंत सोबत येतो.
तिथे मग त्याचं काही चालत नाही.

शंबे सुरमई कापतो. बलुच आहे.
शनिवारी जन्मला म्हणून शंबे;
"आईने फार विचार केला नाही," हे तोच सांगतो.
बावीस वर्षांत मी त्याला मराठी शिकवलं ते एवढंच:
ताजी. उद्या. नको.
आणि बरं का,
जे तो कुठेही लावतो, मीठ लावावं तसं.
"आज खोल पाण्यातली, बरं का."
"डोकं वेगळं बांधलंय, बरं का."
त्याचा सुरा काट्यापाशी येऊन
जरा थांबतो, ऐकतो, मग जातो.
ते बघायला मी दोन मिनिटं जास्त उभा राहतो.
घरी सांगत नाही. सांगण्यासारखं नसतंच ते.

मोयदूकडे चहा शंभर बैसा
(पैशालाही इथे येऊन नाव बदलावं लागलं).
पेला कागदाचा, वेलची दाताखाली येणारच.
तो प्यायचा समुद्राकडे पाठ करून,
कारण त्या वेळी ऊन डोंगरांवर येतं.
झाड नाही, गवताची काडी नाही,
नुसते भाकरीच्या करपलेल्या पाठीसारखे डोंगर.
पहिल्या वर्षी मला ते बघवत नव्हते.
आता गुहागरला गेलो की तिथलं हिरवं
जरा जास्तच बोलतंय असं वाटतं.

बाकावर नासिर बिन खल्फान
हवालीसचा पाट मांडून बसलेला.
मला हरवायला तो जागा धरून ठेवतो,
शेजारी कुणी टेकलं तर काठी आडवी करतो.
बाकाखाली मांजर. पिशवीत डोकं आहे हे तिला माहीत आहे.

तेवढ्यात फोन. पुतण्या, डोंबिवलीहून.
बोटांना मासळी, म्हणून कोपरानेच स्पीकर लावला.
"काका, अजून किती वर्षं?
कितीही केलंस तरी शेवटी तिथे तू परका."

नासिरने खडा हवेतच धरला.
"बरका? सीबच्या पुढचं गाव? तिथली लिंबं चांगली."
नाही म्हटलं.
"मग ती? वरून येते ती?"
आणि त्याने बोट आभाळाकडे केलं.
तिकडून पुतण्या हॅलो, हॅलो.

मी समजावून सांगितलं असतं.
दर दोन वर्षांनी कार्डावर नवा फोटो लागतो,
प्रत्येकात केस थोडे कमी;
कार्ड संपेल त्या दिवशी
हा बाक, हा खड्यांचा पाट, हे मांजर
दुसऱ्या कुणाचं होईल. नासिरला हे ठाऊक आहे.
त्याने किती जणांसाठी काठी आडवी केली असेल.
पण ऊन बाकापर्यंत आलं होतं,
मांजर अर्धं पिशवीत गेलं होतं,
"खेळ, बद्माकर," तो म्हणाला,
आणि पाळी खरंच माझी होती.

"हो," म्हटलं. "तीच."

हरलो. नऊ खड्यांनी.
मग घर. मे महिन्यात इथे नळाला उकळतं पाणी येतं
आणि गार हवं असेल तर
बंद ठेवलेल्या गीझरमधून घ्यावं लागतं.
दोन तांबे डोक्यावर घेतले आणि वाटलं,
हे त्याला कळवायला हवं, पुतण्याला,
बाकीचं राहू दे,
पण गार पाणी कुठून येतं ते तरी,
बरं का.